प्रकल्प नोंदी : ओव्हरशेरची ट्रंक

१२ नोव्हेंबर २०२४

ट्रंक आली. रिक्षातून उतरवताना कडी निखळली, पण आतलं काही सांडलं नाही.

आधी हिशेब. पत्र्याची ट्रंक एक. सुटे फोटो २१४. चिकट पानांचे अल्बम दोन. बिस्किटाच्या डब्यात निगेटिव्हच्या नऊ गुंडाळ्या. रेक्झिनच्या पुठ्ठ्याची डायरी एक. गंजलेली मापाची टेप एक. हे सगळं सत्तरच्या दशकात आमच्या गावात राहून गेलेल्या ओव्हरसियरचं. गावाच्या तोंडी ते 'ओव्हरशेर'. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या पूर्व अंगाला, म्हसवडला जवळ आणि पाण्याला लांब. इथे बांधाचं, पाझर तलावाचं, रस्त्याचं काम निघालं की मापं घ्यायला हाच माणूस सायकलवरून यायचा, आणि सायकलच्या दांड्याला कॅमेरा लटकवलेला असायचा. निदान जुनी माणसं तसं सांगतात.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. घर विकायला काढलं तेव्हा त्यांच्या मुलीने ट्रंक भंगारात न घालता वाचनालयाला फोन केला. तिच्या अटी दोन. काम झालं की मूळ वस्तू परत करायच्या, आणि घरच्या समारंभांचे फोटो कुणाला न दाखवता वेगळे काढून तिला द्यायचे. मान्य करून सही केली.

मदतीला कॉलेजची दोन मुलं आहेत: एक बीएस्सीची मुलगी आणि एक बीएचा मुलगा. दोघांनाही पहिल्या दिवशी एकच काम दिलं. ट्रंकेतली वस्तू ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने मोबाइलवर टिपायची. नीट लावायची घाई करायची नाही. कुठला फोटो कुठल्या फोटोला चिकटून होता हीसुद्धा माहितीच असते.

१५ नोव्हेंबर

तिसऱ्या आणि सातव्या गुंडाळीला आंबूस वास येतो, व्हिनेगरसारखा. ॲसिटेटची फिल्म म्हातारी झाली की असा वास सोडते, आकसते, कडेने वळते आणि शेजारच्या फिल्मलाही नादी लावते. म्हणून दोन्ही वेगळ्या डब्यात ठेवल्या. डब्याला हवा लागेल अशी फट ठेवली.

सुट्या फोटोंपैकी बऱ्याच जणांवर बुरशीची जाळी आहे. तिला पाणी लावायचं नाही, फडकं घासायचं नाही. बीएस्सीवालीने चष्म्याचं फडकं काढलंच होतं, वेळेवर हात धरला. चिकट अल्बममधले फोटो दात साफ करायच्या दोऱ्याने हळूहळू सोडवतो आहोत. एका पानाला अर्धा तास लागतो. क्रमांक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, न दाबता. पेनने लिहिणाऱ्याला चहा नाही असा नियम केला.

मागच्या बाजूला निळ्या शाईत ओव्हरशेरचं सुंदर वळणदार अक्षर. 'बंधारा क्र. २, साखळी ३ ते ५, पूर्वेकडून.' 'पिचिंग, वरची बाजू.' 'सांडवा, खोदाई पूर्ण.' 'माती वाहतूक, भराव तिसरा थर.' साखळी म्हणजे बांधावरच्या अंतराची खूण, पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, सांडवा म्हणजे जादा पाणी जाण्याची वाट. संध्याकाळी सहज मोजदाद केली. एकही माणूस नाही असे फोटो फक्त एकोणीस, बाकी सगळ्यांत माणसं. ज्यांच्या मागे माणसाचा उल्लेख आहे असे फोटो चार, आणि त्यातले दोन वरिष्ठ साहेबांच्या भेटीचे.

खात्याच्या माणसाने खात्यासाठी लिहिलं, त्यात वावगं काही नाही. तक्त्यात मात्र एक रकाना वाढवला: 'गावाचं म्हणणं'. आज तो वरपासून खालपर्यंत रिकामा आहे.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. शाळेची खोली केंद्रासाठी गेली, आपलं टेबल वाचनालयाच्या व्हरांड्यात. धूळ फार. स्कॅनरच्या काचेवर दर पाच मिनिटांनी फुंकर.

ओव्हरशेरच्या मुलीकडून कॅमेऱ्याचं नाव कळलं: आग्फा क्लिक थ्री. त्या काळी मध्यमवर्गाच्या घरी हाच कॅमेरा असे. १२० ची फिल्म, एका रोलमध्ये बारा चौकोनी फ्रेम. निगेटिव्ह २४०० डीपीआयला घेतली की चौकोनाची बाजू ५,३०० पिक्सेलच्या आसपास येते आणि सोळा बिटची टिफ फाइल ५५ एमबीच्या घरात जाते. यापेक्षा वर जाण्यात अर्थ नाही. भिंगच साधं आहे, आपण फक्त धुरकटपणा मोठा करू.

फिल्मच्या कडेला आकडे छापलेले असतात. कागदी फोटो अल्बममध्ये, पाकिटात, पाहुण्यांच्या हातात कसेही पांगले, तरी निगेटिव्हला आपला क्रम ठाऊक असतो. म्हणून फाइलीला नाव रोल आणि फ्रेमचंच द्यायचं. र३-५ म्हणजे तिसरा रोल, पाचवी फ्रेम.

२४ नोव्हेंबर

आजचा दिवस एका फोटोत गेला, आणि तो गेला याचं वाईट वाटत नाही.

र२-८. उघडं माळरान, खोदलेली जमीन, आणि खड्ड्यांच्या मधोमध मातीचे उभे खांब. कमरेएवढे, काही छातीएवढे. प्रत्येकाच्या माथ्यावर गवताचा झुपका. बीएवाल्याने तक्त्यात 'वारुळं' लिहिलं. बीएस्सीवालीचं म्हणणं, वारुळावर असं सपाट गवत उगवत नाही, कसली तरी थडगी असावीत. मला स्वतःला वाटलं की कुठल्या देवाचं ठाणं असेल, म्हणून खणताना सोडलं असेल. तिघांचंही चुकलं.

वाचनालयात पेपर वाचायला येणारे तात्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "आरं, ही साक्ष हाय. मापाची साक्ष."

बंधाऱ्याच्या भरावाला लागणारी माती शेजारच्या रानातून उकरून आणत. ज्याने जेवढी उकरली तेवढा त्याचा दाम. उकरून गेलेल्या मातीचं माप घ्यायचं कसं? खड्ड्याच्या मधे मूळ जमिनीचा एक खांब तसाच सोडायचा. खांबाची उंची म्हणजे खोदाईची खोली. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार, शंभर घनफुटांचा एक ब्रास. माप लिहून झालं की खांब पाडून तीही माती पाटीत.

"आणि वर गवत कशाला?" बीएस्सीवालीने विचारलं.

"गवात असलं तरच साहेब मानायचा की ही मूळची जमीन. न्हाईतर लोक वर दोन घमेली माती रचून खांब वाढवायचं." मग जरा थांबून, हसून: "गवातासकट रचायचं, ते येगळं."

साक्ष सोडायला टोळीवाले जमिनीचा उंचवटा बघून जागा धरत, ओव्हरशेर मुद्दाम दुसरीकडे धरायला लावत, यावरून रोज कुरबूर. तात्यांनी हे सगळं खुर्चीतून न उठता सांगितलं, पण सांगताना हाताने खांब दाखवत होते, बोटांनी गवत.

'गावाचं म्हणणं' या रकान्यात पहिली नोंद पडली. 'वारुळं' खोडलं नाही, त्यावर फक्त रेघ मारली. आपण काय समजलो होतो तेही राहू द्यावं.

२ डिसेंबर

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ. काम बंद. कोण येणार आहे आज?

मीही गेले. गुलालाने रस्ता दिसेना, डोक्यात खोबऱ्याचे तुकडे. 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' म्हणत दोरखंड ओढणाऱ्यांच्या गर्दीत उभी असताना एकदम आठवलं: रथाचे असे दोरखंड मी या महिन्यात कुठेतरी पाहिलेत. परत येऊन, हात धुऊन, गुलाल झटकून डबा काढला. तिसरी गुंडाळी. पहिल्या तीन फ्रेम: रथ, दोरखंड, एक फुगेवाला. वासामुळे हीच गुंडाळी सगळ्यात आधी स्कॅन केली होती. घाईत 'जत्रा' एवढंच लिहून पुढे गेलो होतो.

४ डिसेंबर

तिसऱ्या रोलचं वय.

फ्रेम १ ते ३ जत्रा. फ्रेम ४ पासून बंधारा. म्हणजे बंधाऱ्याचे हे फोटो रथानंतरचे. पण कुठल्या वर्षीच्या रथानंतरचे? रथ काय, दर वर्षी निघतो.

फ्रेम ५ मध्ये उत्तर आहे. बाभळीखाली मोठं पातेलं, समोर पोरांची रांग, कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात ॲल्युमिनियमचं ताट, एकाने सदऱ्याचा ओचा पुढे केलाय. ही सुकडी. बहात्तरच्या दुष्काळी कामांवर वाटलेला, गोडसर पिठासारखा खाऊ. आमच्याकडे साठी ओलांडलेल्या कुणालाही हा शब्द म्हणून बघा, चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि मग ते जातं.

दुष्काळी कामांचा जोर १९७२ च्या उत्तरार्धापासून १९७३ च्या पावसापर्यंत. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. ७३ ला पाऊस बरा झाला आणि लोक रानाकडे वळले. या अवधीत मार्गशीर्ष प्रतिपदा एकदाच येते. पंचांगाप्रमाणे ती ६ डिसेंबर १९७२.

बीएवाला लगेच 'डिसेंबर १९७२' लिहायला निघाला. थांबवलं. क्लिक थ्रीवाले एक रोल महिनोन्‌महिने पुरवून वापरायचे, फिल्म काही फुकट नव्हती. बाराव्या फ्रेममध्ये मागे कडुलिंब उभा आहे आणि त्याला पान नाही. लिंब झडतो माघ-फाल्गुनात. तेव्हा रोलची सुरुवात ६ डिसेंबर १९७२ ला आणि शेवट ७३ च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. तक्त्यात तसंच लिहिलं, आणि कशावरून ठरवलं तेही. नुसती तारीख लिहिली तर पुढच्याला ती खोडता येत नाही.

११ डिसेंबर

रात्री मारुतीच्या पारावर पडदा लावला. पुरुषमंडळी पन्नासेक. प्रोजेक्टर शाळेचा, वायर किराणा दुकानातून ओढलेली.

माणसांआधी बैल ओळखले गेले. र४-२ मध्ये भरावावर दगडी रूळ ओढणारी खिल्लार जोडी दिसताच मागून आरोळी आली, आणि कुणाचे बैल, कुठल्या बाजारात घेतले, डाव्या बैलाची खोड काय, यावर वीस मिनिटं. रूळ हाकणारा माणूस कोण, यावर एकमत झालं नाही. बैलांची नावं दोन्ही लिहून घेतली. हाकणाऱ्यासमोर 'अनिश्चित'.

भरावाची रीत मात्र व्यवस्थित कळली. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम. माती वीतभर थराने पसरायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग पुढचा थर. पाणी मारायला पाणी कुठलं त्या दुष्काळात, हा प्रश्न बीएस्सीवालीने विचारला आणि पारावर शांतता. मग एक जण म्हणाले, "पानी व्हतं की. हिरीत व्हतं. दाना नव्हता." हे वाक्य आमच्या भागात म्हणीसारखं झालंय: बहात्तरला धान्याचा दुष्काळ, आत्ताचे दुष्काळ पाण्याचे. तरीही पाणी किती होतं यावरून पारावर पुन्हा जुंपली. सगळ्यांच्या विहिरी काही सारख्या नव्हत्या.

बायकांच्या फोटोंवर कुणी फारसं बोललं नाही. "ह्या आमच्याच आळीतल्या असतील," एवढंच. पडद्यावर एकूण माणसांत निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि पारावर एकही नव्हती. चूक माझी. रात्री नऊला, पारावर, कोण येणार?

६ जानेवारी २०२५

पाचवा रोल घेऊन प्रत्यक्ष तलावावर गेलो. गावापासून दोन किलोमीटर, ओढ्याच्या वरच्या अंगाला.

तलाव कोरडा. बीएवाला हिरमुसला, "म्हणजे फेल गेलं का काम?" पाझर तलावाचं हेच कुणाला कळत नाही. याला कालवा नसतो, चारी नसते. साठवण तलावात पायाची खंदक खडकापर्यंत नेऊन पाणी रोखतात, इथे ती तेवढी खोल नेत नाहीत, कारण पाणी जमिनीत जावं हाच हेतू. पाणी मुरमातून उतरून खालच्या अंगाच्या विहिरींत निघतं. तलाव भरला की नाही हे तलावात बघायचं नाही, खालच्या विहिरीच्या पायऱ्या मोजायच्या. पौष महिन्यात तलाव कोरडा आणि खालच्या दोन विहिरींना पाणी, म्हणजे काम पास. गाळ मात्र भरपूर साचलाय, तो खरा प्रश्न.

आमची अडचण दुसरीच निघाली. र५ च्या कुठल्याच फ्रेमशी डोंगर जुळेना. फोटोत सांडवा डावीकडे आणि टेकडीचा सुळका उजवीकडे. जागेवर उलट. पूर्वेकडून पाहिलं, पश्चिमेकडून पाहिलं, भरावावर चढून पाहिलं. शेजारच्या गावचे एक गृहस्थ शेळ्या घेऊन आले होते. ते फोटो बघून म्हणाले, हा तुमचा तलाव नव्हेच, आमचा आहे. त्यांच्या तलावाला तसा सुळकाच नाही, पण ठासून सांगितलं.

तक्त्यात 'स्थळ: वादग्रस्त' लिहून परतलो. ऊन लागलं. जेवणाचा डबा मी विसरले होते.

१४ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू वाचनालयात ठेवलं. वाण म्हणून कंगवे. दुपारी तीनची वेळ, पडदे ओढून अंधार केला आणि प्रोजेक्टर लावला. सत्तरच्या वर बायका आल्या, त्यातल्या अकरा जणी बहात्तरच्या कामावर स्वतः गेलेल्या.

पाचवा रोल सुरू झाला. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग भरावावर चढते आहे. दोन फ्रेम गेल्या. तिसरीला पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "ह्या कुठल्या गं? आपल्यातल्या न्हाईत."

का म्हणून विचारलं.

"पदर बघ की. समद्यांचा उजव्या खांद्यावर. नऊवारीचा पदर असा घेत्यात का कुठं?"

खोली क्षणभर गप्प, मग सगळ्याच बघायला लागल्या. दुसरी म्हणाली, विळासुद्धा डाव्या हातात आहे. तिसरी म्हणाली, अहो, सगळ्याच डावखुऱ्या कशा असतील?

मी उठून लॅपटॉपवर फ्रेम आडवी उलटली. पदर डाव्या खांद्यावर आले. सांडवा उजवीकडे गेला. सुळका डावीकडे.

पाचवी गुंडाळी आम्ही पालथी स्कॅन केली होती. होल्डरमध्ये फिल्मच्या कडा झाकल्या जातात, आकडे दिसत नाहीत. नुसत्या डोळ्याने तपासायला हवं होतं, तपासलं नाही. नऊ दिवस ज्या डोंगरासाठी डोकं फोडत होतो, तो एका पदराने जागेवर आला. शेजारच्या गावचा दावाही त्यातच निकालात.

चित्र सुलट झाल्यावर बायका ज्या बोलायला लागल्या त्या दिवेलागणीपर्यंत. रेकॉर्डर चालू होता, पण एकाच वेळी चार जणी बोलत होत्या, उतरवून घेताना घाम फुटणार आहे. तुटक टिपून घेतलं ते असं.

चुंबळ जुन्या लुगड्याची. तीही फाटली की पळसाच्या पानांची. घमेलं लोखंडी, सकाळी गार आणि दुपारी तापलेलं, कानाच्या वरच्या भागाला चटका. डोक्यावर देणारी आणि घेणारी अशा जोड्या ठरलेल्या. जोडी मोडली की दिवस वाईट जायचा. पोरं बाभळीच्या झोळीत. झोळीजवळ एक म्हातारी बसवलेली, तिचीही हजेरी मुकादम लावायचा. पगार आठवड्याचा, पण आठवडा कधी दहा दिवसांचा व्हायचा. भाकरी लाल मिलोची, अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची. थापताना तुटायची, म्हणून घट्ट कालवून जाड थापायची. सुकडी पोरांसाठी, पण पदराच्या टोकाला थोडी बांधून घरी न आणणारी आई एकही नव्हती.

खडी फोडणं त्याहून वाईट, यावर सगळ्यांचं एकमत. मातीला निदान डोळे नसतात, खडीचा कपचा उडून डोळ्यातच जातो.

र५-९ पडद्यावर आली तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेल्या एक आजी उठून बाहेर गेल्या. पाणी प्यायला गेल्या असतील असं वाटलं. तिळगूळ न घेताच घरी गेल्या होत्या.

१५ जानेवारी

पाचवी गुंडाळी पुन्हा स्कॅन. जुन्या फाइली काढून टाकल्या. सर्व नऊ गुंडाळ्यांची कडेच्या आकड्यांवरून तपासणी केली, बाकी आठ बरोबर. दोन हार्ड डिस्क वाचनालयात, तिसरी ओव्हरशेरच्या मुलीकडे पाठवायची.

८ फेब्रुवारी

डायरी वाचून झाली. रोजचं हवामान, हजर मजूर (बायका आणि पुरुष वेगळे), रूळ किती फेऱ्या, साहेब कधी आले. खात्याने मेट्रिक मापं कधीच स्वीकारली होती, तरी डायरीत ब्रासच. फिल्म कधी घातली आणि कधी संपली हेही काही ठिकाणी आहे. तिसऱ्या रोलची नोंद सापडली: 'रथ. नवी फिल्म.' बीएवाल्याने टेबलावर मूठ आपटली. पंचांग आणि लिंब खोटे पडले नाहीत.

शब्दाचा एक घोळ निस्तरायचा होता. गावात सगळे या कामांना 'रोजगार हमी' म्हणतात आणि मुलांनी तक्त्यात तीच खूण घातली होती. ती काढली. हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला करून पाहिलेली. कायदा झाला १९७७ ला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. ७२-७३ ची ही कामं टंचाईची, 'दुष्काळी कामं'. लोकांच्या आठवणीत दोन्ही एकात एक मिसळलीत, ते रकान्यात तसंच ठेवलं. खूण मात्र बरोबर हवी.

बीएवाल्याने विचारलं, २०१८ चे पण घ्यायचे का? वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या वर्षी आमच्या तालुक्यात गावोगाव श्रमदान झालं. टाकेवाडी राज्यात पहिली आली. तेव्हाचे फोटो हजारांनी आहेत, त्याच टेकड्या, तीच घमेली, तशीच रांग. शोधायला बसलो. पहिला म्हणाला मोबाइल बदलला. दुसऱ्याचा पाण्यात पडला. तिसऱ्याकडे व्हॉट्सॲपवर आलेले आहेत, अंगठ्याएवढे, कुणी काढले ते माहीत नाही. सात वर्षांपूर्वीच्या श्रमदानाचे आज आमच्याकडे धड चाळीस फोटो जमत नाहीत, आणि बावन्न वर्षांपूर्वीचे बिस्किटाच्या डब्यात शंभरावर. घ्यायचे, मी म्हणाले. या महिन्यातच.

९ मार्च

दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. हळदीकुंकवातून उठून गेलेल्या आजी आल्या, एकट्या. नात सोडून गेली, "तासाभरानं ये" म्हणून तिला परत धाडली.

"त्यो फोटू दाव."

र५-९ उघडली. भरावाच्या चढावर दोन बायका. एकीने घमेलं नुकतंच डोक्यावर घेतलंय, दुसरीचे हात अजून घमेल्याला लागलेले. घेणारीच्या लुगड्याला तीन ठिकाणी गाठी, चोळीची बाही उसवलेली. ओव्हरशेरने मागे लिहिलं होतं ते हेच: 'माती वाहतूक, भराव तिसरा थर.'

आजी बराच वेळ बघत राहिल्या. मी विचारलं नाही.

"ही मी," त्या म्हणाल्या. "सोळा-सतरा वर्साची. नेसायला येकच व्हतं. रातच्याला धुवायचं, आन्‌ वाळंस्तवर गोदडीत बसायचं."

मी म्हटलं, आजी, हा खूप चांगला फोटो आहे. म्हटल्यावर लगेच कळलं की बोलायला नको होतं.

"चांगला असंल. पर नातसुना हायेत माज्या. पडद्यावर नगं."

फक्त हात दिसतील असा कापून दाखवू का, विचारलं. नको. काढून टाकू का? त्यावर विचार केला त्यांनी. बोटाने लुगड्याच्या गाठीवरून फिरवलं, काचेवर डाग पडला.

"टाकू नगं. ऱ्हाऊ दे हितंच. मी हाय तवर कुनाला दावू नगं."

तक्त्यात नोंद केली. र५-९: बंद. संबंधितांच्या हयातीत दाखवायचा नाही, छापायचा नाही, पुढच्या कुठल्याही प्रदर्शनात नाही. फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, तिन्ही डिस्कवर. हळदीकुंकवाच्या सादरीकरणातून फ्रेम काढली, मुलांच्या मोबाइलमध्ये असेल तर तीही काढायला सांगितली. ओव्हरशेरच्या मुलीला फोन करून कळवलं. मूळ निगेटिव्ह तिच्याकडे परत जाणार, म्हणून तिलाही हीच अट. ती लगेच हो म्हणाली.

जाताना आजी दारात थांबल्या. घमेलं उचलून देणारी दुसरी बाई त्यांची जोडीदारीण, लग्न होऊन पंढरपूरकडे गेली, मग गाठ पडली नाही. "तिचं तरी नाव लिवून घे."

लिहून घेतलं. नाव वहीत आहे, इथे नाही.

सातव्या गुंडाळीचा वास वाढलाय. उद्या आधी तीच.